पवनी दोन तास गप्प बसते

पवनीत आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा भरवायची ही कल्पना माझी नव्हती. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण गावात याबद्दल फार गैरसमज आहेत. कल्पना आमच्या शेजारच्या भैय्याजींची. भैय्याजी निवृत्त तलाठी आहेत आणि निवृत्त झाल्यापासून रोज दहा ते पाच माझ्या कापडाच्या दुकानात हजर असतात. मधल्या सुट्टीत जेवायला घरी जातात, एवढाच काय तो मला विसावा.

आमचा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, तेव्हा जिल्हा बुद्धिबळ संघटनेचीही वाटणी झाली. अध्यक्ष तिकडे राहत होते, ते तिकडे गेले. ढाल, पट आणि घड्याळं अध्यक्षांच्या कपाटात होती, ती कपाटासकट गेली. आमच्या वाट्याला एक रबरी शिक्का आणि एक सचिव उरला. सचिव म्हणजे मी. तीन-चार वर्षं या शिक्क्याला काही काम नव्हतं. मग एक दिवस पुण्याहून अखिल बुद्धिबळ परिषदेचं परिपत्रक आलं. आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरवू इच्छिणाऱ्या शहरांनी सोबतचा अर्ज भरून पाठवावा.

मी तो कागद साडीच्या पुठ्ठ्यामागे घालणार होतो. भैय्याजींनी तो हातातून ओढला.

"काहून, पवनी शहर नोहे का?" ते म्हणाले.

"भैय्याजी, इथं जगातले खेळाडू येतील. त्यांना विमानतळ लागतो, हॉटेलं लागतात."

"आन साकोलीवाल्याईनं अर्ज भरला तर? त्यांच्यापाशी हायवे हाय. मंग रोज पेपरात साकोली-साकोली वाचत बसा!"

हा मुद्दा मला लागला. साकोलीबद्दल माझ्या मनात काहीच वाईट नाही, माझी सख्खी बहीण तिथे दिलेली आहे. पण तिच्या नवऱ्याने हायवेचं नाव काढलं नाही असं एकही जेवण आजवर झालेलं नाही. मी पेन काढलं.

अर्ज फार बारीक होता. 'जवळचा विमानतळ' यापुढे मी लिहिलं, 'नागपूर. बस भिवापुरात चहाला थांबली नाही तर अडीच तास.' 'तारांकित निवासव्यवस्था, किमान एकशेवीस खोल्या' इथे मी अडलो. भैय्याजी म्हणाले, "घरोघरच्या पाहुण्याच्या खोल्या मोजल्या तर दीडशे भरतीन. आन गच्चीवर झोपवलं का तारेच तारे." मी 'एकशेवीस, विखुरलेल्या' असं लिहिलं. खोटं लिहायचा माझा स्वभाव नाही. 'सभागृह' म्हणून आमच्या कोष्टी समाजाचं सभागृह दाखवलं. चांगलं आहे, पंखे आहेत, त्यातले दोन फिरतात. खाली शिक्का मारला. इतक्या दिवसांनी मारला म्हणून दोनदा मारला.

महिन्याने उत्तर आलं, आणि ते वाचून मी दुकानातल्या दुकानात गादीवर बसलो. पवनीचा अर्ज प्राथमिक यादीत निवडला होता! परिषदेचे निरीक्षक श्री. केतकर हे येत्या डिसेंबरात प्रत्यक्ष पाहणीला येणार होते. पाहणीत सर्वांत महत्त्वाची कसोटी शांततेची. दुपारी एक ते तीन, खेळाच्या वेळेत, निरीक्षक सभागृहात यंत्र लावून बसतील. दोन तासांत आवाज पंचेचाळीस डेसिबलच्या वर एकदाही जाता कामा नये. त्यापुढे माहितीसाठी कंसात लिहिलं होतं की साधं बोलणं साठ डेसिबलचं असतं.

मी हे पत्र आमच्या सौभाग्यवतींना, म्हणजे दुर्गाबाईंना वाचून दाखवलं. त्या तांदूळ निवडत होत्या.

"म्हणजे पूर्ण गाव चूप बसवाचं?" त्या म्हणाल्या.

"दोन तास फक्त."

"अजी, तुम्ही मले तीस वर्षांत दोन मिनिटं चूप बसवू शकले नाही. गावाले कसे बसवान?"

तरी मी दुसऱ्या दिवशी कामाला लागलो. एखाद्या माणसाची जगाने पहिल्यांदाच दखल घेतली, की तो फार धोकादायक होतो. मी शर्टाच्या खिशाला दोन पेनं लावू लागलो होतो.

प्रथम परवानगी. कोणत्या कार्यालयात गेलो ते मी सांगणार नाही, मला पुढेही तिथे कामं पडायची आहेत. तिथल्या बाबूंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"आवाज कराची परवानगी पायजे का?" त्यांनी विचारलं.

"नाही जी. आवाज न करायची."

"तसा फॉर्म नाही."

"मग?"

"लाऊडस्पीकरचा फॉर्म हाय. थो भरा. लाऊडस्पीकरची संख्या, शून्य. आवाजाचं कारण, लागू नाही. भोंग्याची दिशा लिहावी लागते, काही तरी लिहा, पूर्व लिहा."

आठ दिवसांनी परवाना हातात पडला. त्यात लिहिलं होतं, 'अर्जदारास दुपारी एक ते तीन या वेळेतच शून्य लाऊडस्पीकरवर आवाज करण्याची परवानगी देण्यात येत आहे. इतर वेळी आवाज केल्यास कारवाई होईल.' मी बाबूंना म्हटलं, याचा अर्थ उलटा होतो. ते म्हणाले, "शब्द छापील आहेत जी. शून्य तेवढा आम्ही हातानं लिवला." त्या परवान्याप्रमाणे मला इतर बावीस तास बोलायची बंदी होती. भैय्याजींनी ती अंमलात आणावी म्हणून दुर्गाबाईंशी बोलणी केली.

आता गाव. ताराचंदांची राईस मिल डिसेंबरात धान भरडायला दिवसभर चालते. ताराचंद म्हणाले, दोन तास मिल बंद ठेवतो, पण उद्घाटनाच्या फोटोत मी रशियाच्या बाजूला उभा राहीन. मी हो म्हटलं. देवळाच्या पुजाऱ्यांनी घंटेला धोतर गुंडाळायचं कबूल केलं. धोतर मात्र माझ्या दुकानातून, आणि चांगल्या काठाचं. त्या दिवशी बाजारातून एक लग्नाची वरात जायची होती. मुलीच्या वडिलांनी आधी मला जवळजवळ हाकलूनच लावलं. मग भैय्याजींनी त्यांना सांगितलं की साकोलीची माणसं या वरातीवरच डोळे लावून बसली आहेत. तेव्हा ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "मंग आवाजच नाही निंगणार."

सगळ्यांत अवघड केशरबाई. सभागृहाच्या भिंतीला लागून त्यांचा माग. केशरबाई सत्तरीच्या, पवनीतल्या हातमागावर अजून रोज बसणाऱ्या थोड्या लोकांपैकी एक. सकाळी नऊला त्यांचा धोटा सुरू होतो तो संध्याकाळीच थांबतो. मी माझं सगळं म्हणणं मांडलं. धोट्यावरचा हात न थांबवता त्यांनी ऐकलं.

"मी कामाचा माग बंद करू, आन तुमचे लोक तठी लाकडाचे घोडे हालवतीन?"

"दोनच तास, केशरबाई. गावाचं नाव होईल."

"गावाचं नाव माह्या पातळावर हायच की." त्या थोडा वेळ विणत राहिल्या. मग म्हणाल्या, "तू लहान होतास तेव्हा तुह्या मायनं मले एक डाव शंभर दिवस या मागावर हात दिला होता. तिच्यासाठी बंद करतो. तुह्या घोड्यासाठी नाही."

मी घरी येऊन बराच वेळ कोणाशी बोललो नाही. परवान्याप्रमाणे तसंही बोलायचं नव्हतं.

पाहणीच्या दिवशी सकाळपासून आमचा दवंडीवाला टिकाराम रिक्षावर भोंगा लावून गावभर फिरत होता. "नागरिक बंधू-भगिनींनो, शांतता पाळा! खोकला असन तर आताच खोकून घ्या!" त्याच्याइतका आवाज त्या दिवशी गावात दुसऱ्या कोणीही केला नाही. एक वाजायला पाच मिनिटं असताना भैय्याजींनी त्याच्या रिक्षासमोर आडवे होऊन त्याला थांबवलं.

केतकर साहेब सकाळी नागपूरहून आले. उंच, सडपातळ, पांढरा शर्ट, हातात काळी पेटी. बोलणं पुण्याचं, एकेक शब्द इस्त्री केलेला. त्यांनी खोल्या पाहिल्या नाहीत, पंखे पाहिले नाहीत. "प्रथम शांतता," ते म्हणाले. "शांतता नसेल तर बाकी काही पाहण्यात अर्थ नसतो." मला ते ऐकून बरं वाटलं, कारण एकशेवीसपैकी चौतीस खोल्यांतून अजून धानाची पोती हलवायची होती.

पण पाहुणा उपाशी कसा ठेवायचा? दुर्गाबाईंनी पातोडीचा रस्सा, वांग्याची भाजी, लाखोरीच्या डाळीचे वडे आणि नव्या धानाचा भात केला होता. केतकर साहेब म्हणाले, मी दुपारी फक्त ताक घेतो. दुर्गाबाई म्हणाल्या, "ताक हाय न जी, जेवणानंतर." साहेबांनी पहिला वडा उगाच घेतला, दुसरा आग्रहाने, आणि तिसऱ्यापासून पुढचे त्यांचे त्यांनी घेतले. मी मोजले नाहीत. भात तीनदा वाढला. मग ताक झालं.

एक वाजता आम्ही दोघं सभागृहात बसलो. नियमाप्रमाणे आत फक्त निरीक्षक आणि सचिव. टेबलावर त्यांचं यंत्र, त्यातून कागदाची पट्टी हळूहळू बाहेर येत होती आणि त्यावर एक सुई रेघ ओढत होती. पाहणी चालू असताना निरीक्षकांशी बोलणार नाही आणि त्यांना किंवा यंत्राला स्पर्श करणार नाही, असं मी आधीच लिहून दिलं होतं.

आणि पवनी गप्प झाली.

मी या गावात बावन्न वर्षं राहतोय, पण ते गाव मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. मिल बंद. माग बंद. सायकलच्या घंट्या बंद. दूर नदीच्या घाटावर पाणी हलल्याचा आवाज येतोय असं वाटलं. खिडकीतून उन्हाचा चौकोन केतकर साहेबांच्या मांडीवर आला होता. सुई सत्तावीस, अठ्ठावीस, सत्तावीस अशी चालली होती. माझे डोळे भरून आले. तेवढ्यात खिडकीखालून वरात गेली. घोड्याच्या पायांना पोती बांधलेली. बँडवाल्यांनी पितळी वाद्यं तोंडाला लावली होती, गाल फुगवले होते, बोटं चालवत होते, आणि फुंकत मात्र नव्हते. पुढे दहा-बारा जण हात वर करून नाचत होते, अनवाणी, ओठ घट्ट मिटून. नवरदेवाने माझ्याकडे पाहून मान डोलावली. मी हात जोडले. एवढी मोठी माणसं पवनीत आहेत हे मला ठाऊक नव्हतं.

मग माझ्या बाजूला आवाज झाला.

आधी वाटलं, कोणीतरी टेबल ओढलं. वळून पाहिलं तर केतकर साहेबांची मान मागे गेली होती, तोंड उघडं होतं आणि ते घोरत होते. साधं घोरणं नाही. राईस मिल चालू करताना पट्टा चढतो तसं. सुई उडी मारून सदुसष्टवर गेली, खाली आली आणि पुन्हा सदुसष्टवर गेली.

मी काय करू शकत होतो, हे मी नंतर पुष्कळांना मनातल्या मनात विचारलं आहे. बोलायचं नाही. स्पर्श करायचा नाही. मी त्यांच्या चेहऱ्यावर लांबून फुंकर मारली. त्यांनी गारवा लागल्यासारखं करून अधिक आरामात अंग सोडलं. मी उभं राहून हातवारे केले. झोपलेल्या माणसापुढे हातवारे करण्यासारखं मूर्खपणाचं दुसरं काही नाही, आणि ते मी खिडकीआड, वरातीला दिसणार नाही असं पाच मिनिटं केलं. वरात पुढे जाऊन थांबली होती. गाव इतकं शांत होतं की साहेबांचा आवाज गावाच्या जुन्या गेटापर्यंत पोचत होता. सगळं गाव, श्वास रोखून, ऐकत होतं.

तीन वाजायला दोन मिनिटं असताना ते जागे झाले. त्यांनी प्रथम घड्याळ पाहिलं, मग मला, मग पट्टी. पट्टी जमिनीवर पोचली होती. त्यांनी ती वर उचलली आणि वाचत वाचत टोकाशी आले. त्यांचा चेहरा हळूहळू शर्टासारखा पांढरा झाला.

"हा आवाज..." ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं.

केतकर साहेब खुर्ची जवळ ओढून हळू म्हणाले, "मधुकरराव, बावीस वर्षं मी पाहणी करतो आहे. एकाही सभागृहात डोळा लागला नाही. कुठे ना कुठे काहीतरी वाजतच असतं हो. घरीसुद्धा मला गोळी घेतल्याशिवाय झोप येत नाही." त्यांनी पट्टी टेबलावर ठेवली. "इतकी शांत जागा मी आयुष्यात पाहिली नाही. पण पट्टीवर सदुसष्ट आहे. सदुसष्ट आहे म्हणजे आहे. पट्टी मी फाडू शकत नाही."

"पण आवाज कोणाचा, ते लिहा ना साहेब."

"लिहितो." त्यांनी पेन काढलं. "पुढच्या महिन्यात मी निवृत्त होतोय. निरोपसमारंभात हे वाचून दाखवतील. पण लिहितो. लिहायलाच हवं."

ते खरोखर लिहायला लागले असते. त्यांनी नुसती विनवणी केली असती तर मी ठाम राहिलो असतो, पण ते लिहायला निघाले, आणि तिथेच मी ढिला पडलो. मी म्हटलं, "साहेब, राहू द्या. शब्द देतो, मी कोणालाच सांगणार नाही."

बाहेर आलो तेव्हा पायऱ्यांपुढे सगळं गाव उभं होतं. ताराचंद, केशरबाई, भैय्याजी, टिकाराम, घोड्यासकट नवरदेव. तीन वाजून गेले होते तरी कोणी बोलत नव्हतं. शेवटी भैय्याजींनी विचारलं, "घोरलं कोण?"

केतकर साहेबांनी तोंड उघडलं. मी त्यांच्या आधी म्हणालो, "मी."

त्यानंतर पवनीने दोन तासांचा साठवलेला आवाज एका दमात बाहेर काढला. बँडसुद्धा वाजायला लागला.

पुढचे दोन महिने मी कसे काढले ते मला विचारू नका. दुकानात गिऱ्हाईक आलं की "झोपमोड तर नाही केली न जी?" म्हणून आत येई. ताराचंदांनी मिलमधून तांदळाच्या कोंड्याने भरलेली उशी पाठवली. साकोलीहून मेव्हण्यांचा फोन आला आणि ते पूर्ण तीन मिनिटं फक्त हसले, हायवेचं नावही काढलं नाही. केशरबाई मात्र माझ्या दुकानासमोरून जाताना फक्त थांबत, माझ्याकडे एकदा पाहत आणि पुढे जात. उशीपेक्षा ते मला जास्त लागे. भैय्याजींनी तर दहा ते पाच दुसऱ्याच्या दुकानात बसायला सुरुवात केली. ज्या विसाव्याची मी वर्षानुवर्षं वाट पाहिली होती, तो मिळाल्यावर मला कळलं की तो मला नको होता.

दुर्गाबाई माझ्याशी बोलत होत्या, पण कामापुरतं. एकदाच म्हणाल्या, "मी एवढं रांधलं, गावानं एवढं केलं, आन तुमाले झोप लागली."

फेब्रुवारीत परिषदेचं पत्र आलं. स्पर्धा दुसऱ्या शहराला दिली होती. कारण, आवाजाची मर्यादा ओलांडली. बाकी सगळ्या रकान्यांत केतकर साहेबांनी 'अत्युत्तम' लिहिलं होतं. विखुरलेल्या खोल्या, पंखे, सगळं. भोजनव्यवस्थेपुढे त्यांनी तीनदा लिहिलं होतं. सोबत त्या पट्टीची प्रत होती, घडी घातलेली, दोन हात लांब.

मी ती दिवाणावर टाकून हातपाय धुवायला गेलो. परत आलो तर दुर्गाबाईंनी पट्टी जमिनीवर उलगडली होती आणि चष्मा लावून त्या तिच्यावर वाकल्या होत्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोट फिरवत गेल्या, आणि पुन्हा परत आल्या.

"हे वर जाते थे घोरणं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आन हे खाली, थे मधातली जागा?"

"हो."

त्यांनी चष्मा काढला.

"हे तुमचं नोहे."

"काय नोहे?"

"घोरणं. तुमचं असं सारखं नसते. तुमचं चढत-चढत जाते, वर पोचलं का एकदम बंद होते. मले वाटते गेले का काय. मी उठून पाहातो, तं तुम्ही कुशीवर होऊन बारीकशी शीळ घालता आन मंग पुन्हा सुरू. तीस वर्षं आयकून राहिली मी. याच्यात शीळ कोठी हाय? याच्यात माहा जीव कोठी वर-खाली झाला?" त्यांनी पट्टीवर बोट ठेवलं. "हा दुसरा माणूस हाय. थो पुण्याचा साहेब."

मी टॉवेल खुंटीला लावला.

"मंग सांगतलं काहून नाही?"

"शब्द दिला त्यांना."

"मले बी नाही?"

"कोणालाच नाही, असं म्हटलं होतं."

दुर्गाबाईंनी पट्टीची हळूहळू घडी घातली. मला वाटलं, आता त्या भांडतील, आणि तसं झालं असतं तर मला बरंच वाटलं असतं. एवढ्यात अंगणाच्या भिंतीवरून भैय्याजींचं डोकं वर आलं. पत्र आल्याची बातमी पोस्टातूनच त्यांच्यापर्यंत पोचली होती. दोन महिन्यांनी ते प्रथमच आमच्याकडे पाहत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जरासा संशय होता.

"वहिनी," ते म्हणाले, "लोक म्हणून राहिले का साहेबच घोरला असन. मधुकरराव उगाच अंगावर घेऊन राहिले, असं. तुमाले काय वाटते?"

दुर्गाबाईंनी पट्टी पदराखाली घेतली, पदर खोचला आणि भिंतीजवळ गेल्या.

"लोकाईले काय समजते जी?" त्या ठणठणीत आवाजात म्हणाल्या, अर्ध्या गल्लीला ऐकू जाईल अशा. "हेच घोरले. पूर्ण पवनीत असा घोरणारा दुसरा माणूस नाही. पुण्याचा साहेब काय घोरन यांच्यापुढे?"

आजवर माझी बदनामी पुष्कळांनी केली, पण इतक्या अभिमानाने कोणीच केली नव्हती.